चकती पांढरीच राहील

आमच्या वॉर्डाच्या बगिच्यात छोट्या लाइनीची, म्हणजे नॅरोगेज रेल्वेची, एक चकती उभी आहे. ती लाइन उखडली तेव्हा भंगारातून वाचलेली. बुटक्या लोखंडी दांड्यावर परातीएवढा गोल पत्रा आणि वर कंदिलाची पेटी. समितीने सांगितलं, पेंटर, हिच्यावर गुलाबी-पिवळी फुलं काढ, मधोमध लाल बदाम काढ, लोक फोटो काढतील. मी काढली. एकदाही विचार केला नाही, हे लिहिताना लाज वाटते. माझे वडील याच लाइनीवर कांटेवाले होते, रूळ जोडून गाडीला वाट देणारे.

दिवाळीचा चुना आमच्या क्वार्टरच्या भिंतींना लागायच्या आधी चकतीला लागायचा. तिला रेल्वे खात्याचा रंग असायचा, तरी आई पहिला हात तिलाच मारायची.

इंजिनवाल्याला दुरूनच कळायला हवं, रूळ सरळ लागला आहे की बाजूच्या लाइनीला. सरळ असेल तर चकतीचं तोंड त्याच्याकडे. कांटा फिरवला की चकतीही वळायची, नुसती कड उरायची, दिसेनाशी व्हायची. दिसणं हा एक निरोप, न दिसणं हा दुसरा. अंधारात तेच काम पेटीतला दिवा करायचा, रूळ सरळ असेल तर पांढरा, वळवला असेल तर हिरवा. लाल नाही, कारण लाल म्हणजे थांब आणि चकतीला कोणाला थांबवायचं नव्हतं. सिग्नल उंच, ही जमिनीलगत, म्हणजे दोघांत घोटाळा नको. आणि पांढरी, कारण सागाच्या जंगलात, हिरव्या धानात, मॅंगनीजच्या काळ्या धुळीत पांढरंच उठून दिसतं.

फुलांचा रंग वाळला तेव्हा मी जुन्या लाइनीच्या जागेवरून, तिथे आता सिमेंटचा रस्ता आहे, लांब चालत गेलो आणि वळून पाहिलं. चकतीचं तोंड माझ्याकडेच होतं, पण मागच्या बोगनवेलीच्या फुलांत ती हरवली होती. जिने 'सरळ ये' म्हणायचं तिला मी 'वळ' म्हणायला लावलं होतं. खोटं बोलायला लावलं होतं.

सकाळी रंग खरडायच्या पत्रीने सगळं खरडलं आणि पांढरा मारला. समितीचा अध्यक्ष मोटरसायकल टाकून धावतच आला. मागून दोघे-तिघे.

"काकाजी, हे का करून ठेवलं? मयतीवानी दिसून राह्यलं!"

"दिसून राह्यलं ना? फाटकापासून दिसलं म्हनूनच त पयत आला तू."

बाकीचे हसले. तो नाही.

"आता गाडी कुठं हाय? कोनाले पाहाचं हाय?"

"मले."

"उद्या दुसरा पेंटर आनतो."

"आन. तो फुलं काढन, मी खरडन. पाहू, कोनाचा हात पहिले दुखते."

"समितीचं काम सुटन तुमचं."

"सुटू दे."

सुटलं. मंगल कार्यालयाच्या भिंतीचं काम माझ्याकडेच येणार होतं, ते दुसऱ्याला गेलं. बायको जेवण वाढताना म्हणाली, "एका पत्र्यासाठी?"

हौ, एका पत्र्यासाठी. पहिला ब्रश मीच फिरवला होता, तर किंमतही मीच देणार. काल कोणी तरी चकतीवर कोळशाने आपलं नाव लिहून गेलं होतं. पुसलं. उद्या लिहिलं तर उद्याही पुसीन.