ऐकायला गेलेली माणसं

पीएचडीचं एक बरं असतं. प्रबंधात जे मावत नाही ते सगळं चहाच्या वेळी बाहेर येतं. आणि आमच्या प्रबंधात फारच थोडं मावतं!

आम्ही तिघं सोलापुरात समाजशास्त्राचे संशोधक : मी, अक्कलकोटची सविता आणि सांगोल्याकडचा मल्हारी. गाईड एकच, गुडे मॅडम. पद्धतही एकच, ग्राउंडेड थिअरी. म्हणजे आधी सिद्धांत ठरवून पुरावे शोधत फिरायचं नाही. माणसांचं ऐकायचं, त्यांच्या वाक्यावाक्याला एक नाव द्यायचं (त्याला आम्ही ‘कोड’ म्हणतो), एकाचं बोलणं दुसऱ्याशी ताडून बघायचं आणि त्यातूनच सिद्धांत उगवू द्यायचा. तो उगवेपर्यंत केस पिकतात, ते वेगळं.

* * *

माझा विषय विणकर घरांतल्या म्हाताऱ्या बायका. पहिल्या मुलाखतीसाठी मी बेचाळीस प्रश्न टाईप केले होते. मॅडमनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. “एकच विचार. ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हण आणि गप्प बस.”

शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, लक्ष्मीबाई नावाच्या आजींकडे गेले. बोलणं तेलुगू वळणाचं, चेहरा हसरा. मी तो एकुलता एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “सांगते की. आधी तू सांग, एवढी का वाळलीस?”

घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. दोन तास माझाच आवाज! वडील गेले ते, मोडलेलं लग्न, सगळं. रडवेली होऊन मॅडमना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“उत्तम मुलाखत. लक्ष्मीबाईंनी किती प्रश्न टाईप करून आणले होते गं?”

* * *

घरी कन्नड बोलणारी सविता कर्नाटक सीमेकडच्या गावांत, मुलं पुण्याला गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना भेटायची. एक आजी मराठीत सांगत होत्या, “पोरगा फोन करतोय, सणाला येतोय, बरं हाय समदं.” बोलता बोलता त्या कन्नडमध्ये शिरल्या आणि पदर डोळ्यांना लागला. पोरगा दोन वर्षांत फिरकला नव्हता. सवितानं कोड दिला : ‘मराठीत बरं आहे.’

पुढे सविताची आई आजारी पडली. तरी ही रोज वेळेवर हजर.

“घरी कसं आहे?” मॅडमनी विचारलं.

“बरं आहे, मॅडम.”

“हे मराठीत झालं. आता कन्नडमध्ये सांग.”

मॅडमना कन्नडचं एक अक्षर कळत नाही. अर्धा तास ऐकत बसल्या.

* * *

मल्हारीचा विषय मेंढपाळ घरांतल्या बायका. पुरुष मेंढरं घेऊन महिनोन्‌महिने बाहेर, त्या मागं घरी. मुलाखतींतून नवं काही निघेनासं झालं की थांबायचं, त्याला सॅच्युरेशन म्हणतात. एक दिवस मल्हारी पेढेच घेऊन आला. “झालं, मॅडम! आता सगळ्या तेच तेच सांगतात.”

आमच्या डिपार्टमेंटला चहा देणाऱ्या शारदामावशींनी पेढा घेतला आणि विषय काय म्हणून विचारलं. त्यांचा नवरा ट्रकवर असायचा.

“माझंबी तसंच की,” मावशी म्हणाल्या. “वाट बघायची सवय लागली, की मानूस घरी आल्यावरच करमत न्हाई.”

मॅडमनी मल्हारीकडे पाहिलं. मल्हारीनं डबा बंद केला.

* * *

मग मल्हारी पुन्हा मुलाखतींना लागला. त्यातली एक त्याच्या आईची; घर त्याचंही मेंढपाळाचंच. “लेक म्हणून गेलास तर चालणार नाही,” मॅडमनी बजावलं होतं. “विद्यार्थी म्हणून जा.”

आई अंगणात ज्वारी निवडत होती. मल्हारी संमतीपत्र घेऊन समोर बसला. बोलणाऱ्याचं खरं नाव छापायचं नाही, हा नियम. खोटं नाव ज्याचं त्यानं निवडायचं.

“आई, तुजं नाव द्यायचं न्हाय. दुसरं कुटलंबी सांग.”

आईनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, “मालन ल्ही.”

“मालन? ही कोन?”

“मीच की. लग्नात सखुबाई केलं तुज्या आज्यानं.”

“मामा तर कदी बोलला न्हाय!”

“त्यो धाकटा. त्येला मी आक्का.”

मल्हारीनं संमतीपत्रातल्या नियमावर बोट ठेवलं. “पर आई, हितं खरं नाव चालत न्हाय.”

“खरं चालत न्हाय व्हय?” आईनं सूप पुन्हा हातात घेतलं. “मग सखुबाईच ल्ही.”