सुई बसली नाही अजून

इकडे उत्तरेत, दूधविनायकाच्या आमच्या मराठी गल्लीत अण्णांना सगळे शौकीन म्हणत. मला त्यांची शिसारी यायची, आणि ते गेल्यावरही ती गेलेली नाही. आल्यागेल्याला लोक आधी चहा विचारतात. अण्णा गाण्याचा दहा सेकंदांचा तोच तुकडा सातव्यांदा वाजवून विचारायचे, "आवाज फाटतोय ना जरा? सच सांग."

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भारीपैकी रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि त्याच्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या नखाएवढ्या डबीला, स्वतःला वाहून घेतलं. दोन स्क्रू सैल करायचे, डबी केसभर सरकवायची, आरशावर टेकवून सुई सरळ उभी आहे का बघायचं, इवल्याशा काट्यावर तिचा भार तोलायचा. मग पानाने रंगलेली बोटं धोतराला पुसून पुन्हा स्क्रू. बायकोचं, म्हणजे कुसुमकाकूंचं, पोथी वाचायचं भिंग त्यांनी सुई बघायला उचललं, ते परत दिलंच नाही.

हा सगळा खटाटोप एका रेकॉर्डसाठी. काकू तरुणपणी सुरेख गायच्या. लग्नाच्या वर्षी अण्णांच्या एका मित्राने घरी यंत्र आणून त्यांचं एक पद थेट तबकडीवर उतरवलं होतं. दुसरी प्रत नाही.

मागच्या हिवाळ्यात काकूंनी अंथरूण धरलं. माझी बायको त्यांचे कपडे बदलायला जायची, कारण अण्णांना वेळ नसे.

"अहो, एकदा लावा ना," काकू आतून म्हणायच्या. "मी कशी गात होते तेच विसरले. खरखर चालेल मला."

"सबर कर गं. सुई बसली नाही अजून. गलत टेकली की रेकॉर्ड बरबाद!"

एकदा मी चिडून म्हणालो, "अण्णा, काकू थांबणार आहेत का तोवर?"

"अरे, जल्दी का काम शैतान का," असं म्हणून त्यांनी आणखी एक कार्ट्रिज मागवलं. ते यायच्या आधीच काकू गेल्या.

तेरावं झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. "ये, बसली बघ!" आतली खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. अण्णांनी तबकडी लावली. खोटं कशाला बोलू, आवाज लख्ख होता. काकूंनी ओळीच्या मध्येच घेतलेला श्वासही ऐकू आला. अण्णा शाबासकी मागितल्यासारखे माझ्याकडे बघत होते.

पद संपलं. अण्णांनी हात पुढे केला, तेवढ्यात तबकडीतून काकू म्हणाल्या, "नीट आलं का हो?"

आणि पाठोपाठ अण्णांचाच तरुण, हसरा आवाज आला, "एकदम फर्स्टक्लास! अजून काय पाहिजे?"

अण्णांचा हात तसाच राहिला. सुई शेवटच्या रेघेत खट्खट् करत फिरत होती. मी उठून चपला घातल्या.

"ऐकलंस?" ते मागून पुटपुटले.

"काकूंना ऐकवायचं होतं," मी म्हणालो आणि जिना उतरलो.