दोन फायली आणि उजवीकडची दाढ

माझ्या मोठ्या आतड्याला सूज आहे. नऊ वर्षं झाली. बरी होते, पुन्हा येते. ती कशाने येते हे पकडण्यासाठी मी वही ठेवते. तारीख, काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं, रक्त होतं की नव्हतं. शाळेच्या कार्यालयात पंचवीस वर्षं काढल्यावर घरातही कागद जागच्या जागी लागतात. पोटाची फाईल हिरवी, दातांची निळी. एकीतला कागद दुसरीत जाऊ देत नाही.

उन्हाळ्यात रक्त पुन्हा दिसू लागलं. अकोल्याच्या पोटाच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवून पाहिल्या, मग म्हणाले, इंजेक्शन सुरू करू. त्याचाही उपयोग झाला नाही तर ऑपरेशन, हेही आडपडदा न ठेवता सांगितलं. मात्र इंजेक्शनाने शरीराची लढायची ताकद कमी होते, म्हणून आधी कुठे जंतुसंसर्ग लपलेला नाही ना, हे पाहायचं होतं. तपासण्या झाल्या. एक छापील फॉर्म भरायचा होता. ‘दात किंवा हिरड्यांचा त्रास’ यापुढे मी ‘नाही’ लिहिलं. त्या दिवशी दाढ दुखत नव्हती.

माझा संशय स्वयंपाकघरावर होता. घरात स्वयंपाक मोठ्या जाऊबाईंकडे. त्या दर्यापूरकडच्या, तिखटाचा हात सैल. माझं वरण वेगळं शिजतं, पण डाव कोणत्या पातेल्यातून कोणत्या पातेल्यात जातो हे कोण पाहतं? मी वहीत ‘फोडणी’ असा रकाना आखला आणि वरणावर लालसर तवंग वाटला की पेन्सिलीने फुली मारू लागले. एकदा वाटी नाकाशी नेली तेव्हा त्यांनी पाहिलंच.

“नाकानं काय तपासता मॅडम, जिभेनं तपासा. तुमच्यासाठी डावबी येगळा ठेवला मी.”

डाव वेगळा ठेवल्याचं आवर्जून सांगायची गरज काय, असं मला वाटलं. त्या दिवशी दोन फुल्या मारल्या.

पुढच्या आठवड्यात जेवताना त्या म्हणाल्या, “तुमी डाव्याच बाजूनं चावून राहिल्या. काहून?”

“सवय आहे.”

“महिना झाला पाहून राहिली मी. आधी नव्हती अशी सवय.”

या माझे घास मोजतात की काय! राग आला, आणि त्यांना खोटं पाडायलाच मी अमरावतीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. चार महिन्यांपूर्वी त्यांनीच माझी उजवीकडची दाढ भरली होती. त्यांनी दाढेवर टकटक केलं, एक्स-रे काढला आणि मुळाच्या टोकाशी काळा डाग दाखवला.

“नस मेली आहे. मुळाशी पू आहे. रूट कॅनल करावं लागेल.”

“पण आता दुखत नाही.”

“नस मेल्यावर दुखणं थांबतं. आत संसर्ग चालूच राहतो. दुसऱ्या कशाच्या गोळ्या चालू आहेत?”

मी सांगितल्या. त्यांचा चेहरा बदलला. “या गोळ्यांनी सूज, ताप दबून राहू शकतात. मागच्या वेळी मी विचारलं होतं, दुसरा काही आजार? तुम्ही नाही म्हणालात.”

म्हणाले होते मी. दातांच्या डॉक्टरांना आतड्याचं कशाला सांगायचं? न दुखणाऱ्या दाढेवर एवढं काम काढणं मला धंद्याचंच वाटलं. त्यांचं पितळ उघडं पाडायला बडनेऱ्याहून गाडी पकडून मी अकोल्याला गेले. या वेळी दोन्ही फायली आणि वही घेऊन.

पोटाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. मग निळ्या फाईलमधला माझ्याच अक्षरातला कागद काढला. दाढ भरताना दिलेली दुखण्याची गोळी मी दाढ ठणकली की दुकानातून परत परत आणत होते. प्रत्येक गोळीची तारीख त्यावर होती. त्यांनी तो कागद वहीशेजारी ठेवला. गोळीच्या तारखा. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी रक्ताच्या तारखा. सगळ्या नाही, पण बऱ्याच.

“ही गोळी मला का सांगितली नाही?”

“ती दाताची आहे.”

“गेली पोटातूनच ना?”

सगळा दोष गोळीचाच असं म्हणता येत नाही, ते म्हणाले. पण अशा गोळ्यांनी सुजलेलं आतडं चिघळू शकतं, आणि मुळाशी पू असताना इंजेक्शन देणं धोक्याचं. दाढ आधी, मग पोट. त्यांनी फॉर्मवरचं माझं ‘नाही’ खोडून स्वतः ‘आहे’ लिहिलं.

रूट कॅनलला तीन खेपा लागल्या. दुखण्याची गोळी बंद झाली. रक्त कमी झालं, थांबलेलं नाही. इंजेक्शन द्यायचं की नाही, हे पुढच्या तपासणीनंतर ठरेल.

परवा मी वही घेऊन ओट्यापाशी गेले आणि फोडणीचा रकाना जाऊबाईंना दाखवला. सगळ्या फुल्या त्यांनी शांतपणे पाहिल्या.

“एवढ्या?”

मी खोडरबर काढला.

“खोडू नोका,” त्या म्हणाल्या. “राहू द्या. फक्त बाजूले लिवा, चूक माही नव्हती म्हणून. अन् पेनानं लिवा.”

मी पेनाने लिहिलं. त्यांनी वाचून पाहिलं, मगच वरण वाढलं.