मामांची डोलकाठी

दौंड तालुक्यात ऊस, राजकारण आणि पाण्याची पाळी सोडून चौथ्या विषयावर बोलणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमचे राहू गावचे मामा. त्यांचा चौथा विषय डोलकाठी. गावात मोबाईल नुकते येत होते, तेव्हा मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेल्या मामांनी येताना ट्रकवर घालून एक जुनी शिडाची होडी आणली. भीमेपलीकडे मांडवगणला मामींचं माहेर. "तुला शिडाच्या होडीतनं माहेरी नेईन," हा लग्नात दिलेला शब्द होता. पण भांडगावजवळ वडाच्या फांदीत अडकून डोलकाठी मोडली आणि मामांना घोर लागला. नवी काठी होडीतल्या बुटक्या केबिनच्या छपरावर उभी करायची, की छपराला भोक पाडून थेट तळात रोवायची?

हा प्रश्न त्यांनी न्हाव्याला विचारला, एसटीच्या कंडक्टरला विचारला. एका लग्नात तर भर पंगतीत आमटीतली शेवग्याची शेंग पापडावर उभी करून दाखवली. पापड मोडला. "बगितलं? आता भातात खुपस. हाय का हालत?" नवरदेवाचे वडील तूप घेऊन मागे खोळंबले होते. "लोकान्ला तंबाकूचं येसन असतंय, आमच्या ह्यान्ला खांबाचं," मामी म्हणायच्या.

अखेर तळाचा पक्ष जिंकला. सुताराने जन्मभर औतं आणि खळ्यात बैल ज्याभोवती फिरतात त्या मेढी केलेल्या. "तळापतुर घे," एवढंच त्याने ऐकलं आणि तळालाही आरपार भोक पाडलं. "आवो मामा, मेढ जमिनीत गेल्याबिगर उभी ऱ्हाती व्हय?" होडी काठालाच बुडाली. गुडघाभर पाण्यात उभे राहून मामा म्हणाले, "काम मजबूत हाय. फकस्त नदी आत आली."

भोक बुजवलं, पण काठी पुन्हा तळावरच. मग मामी केबिनमध्ये बसून बघायला गेल्या. संधिवाताने त्यांचे गुडघे वाकत नव्हते, आणि पाय पसरायच्या जागी नेमका तो खांब. "ऱ्हाऊ द्या. मी यष्टीनं जाईन," त्या हळूच म्हणाल्या. मामा दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून म्हणाले, "छपराखाली आडवी तुळई टाक आन् काठी वर बसीव." मामी माहेरी पोचल्या त्या ऐटीत पाय पसरून, वाटभर मामांना सूचना देत.

मामींना जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा मी मामांना म्हटलं, "आता काठी तळात घ्या की, तुमच्या मनासारखी."

मामा दोर आवळत होते. वर न बघताच म्हणाले, "मग ती पाय कुठं पसरंल?"