अनवाणी पाच फूट अडीच इंच

उंची बघून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर "ताई, जरा शांत व्हा" असं कुणी म्हणायला नको. मी शांत होणार नाही.

मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. भिंगं पुसायची, वायरी गुंडाळायच्या, मुलांनी मोडलेलं परत जोडायचं. अक्षर बरं म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी कुणीतरी मला बास्केटबॉलच्या मॅचला स्कोअर लिहायला बसवलं आणि तेव्हापासून ते टेबल माझ्याच गळ्यात पडलं. त्यामुळे मुलींच्या टीमला शिकवणाऱ्या झाडूसरांना मी जितकं जवळून पाहिलंय तितकं त्यांच्या बायकोनेही पाहिलं नसेल, असं ती स्वतःच म्हणते.

आता, कागदोपत्री ते 'सर' नाहीतच. हुद्दा मैदान सेवक. कोर्ट झाडायचं, चेंडूत हवा भरायची, फाटलेली जाळी शिवायची. आमच्या क्रीडा संचालकांचा सगळा जीव टेनिसमध्ये. मुलींच्या बास्केटबॉल टीमचं काय करायचं असा प्रश्न आला तेव्हा ते खुर्चीतून न उठता म्हणाले, "तू बघ रे तेवढं." आपल्याहून बारा वर्षांनी मोठ्या माणसाला 'रे'! मी तिथेच उभी होते. झाडूसर "बरं साहेब" म्हणाले आणि खरंच बघायला लागले.

बघण्यासारखं होतं काय, तर पाच बुटक्या मुली. उंच मुलींना नदीपलीकडचं मोठं कॉलेज आधीच उचलून न्यायचं. आमच्या वाट्याला राहिलेल्यांत सर्वांत उंच ती पाच फूट चार. संचालकांनी यादी वाचली आणि म्हणाले, "ही टीम आहे की बालवाडी?" ऑफिसातले सगळे फिदीफिदी हसले. झाडूसर स्वतः पाच फूट तीन. ते हसले नाहीत. विद्यार्थी असताना त्यांना विद्यापीठाच्या निवडीतून खेळ न बघताच घरी पाठवलं होतं, हे मला फार नंतर कळलं, तेही त्यांच्या बायकोकडून.

त्यांनी काय केलं? स्टुलावर चढले, दोन्ही हातांत दोन लांब झाडू उभे धरले आणि म्हणाले, "ही सहा फुटी मुलगी. हिच्यावरून टाका." रोज पाऊण तास पोरी त्या झाडूंवरून चेंडू टाकत. नाव पडलं ते तिथूनच. उंच मुलींपुढे उड्या मारून काही होत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून चेंडू बास्केटवर आपटून परत यायच्या आत पोरींनी वळायचं आणि आपल्या पाठीने समोरच्या मुलीला मागे रेटून जागा धरायची. "पाठ आधी, उडी नंतर," असं ते दिवसातून शंभरदा म्हणत. आणि दुसरं म्हणजे, "उंच मुलीने चेंडू जमिनीवर आपटला की तो तुमचा. तिला वाकायला वेळ लागतो. तुम्ही तिथेच राहता." पाचही जणींनी कोर्टभर पळायचं, पाचही जणींनी लांबून मारायचं, मधे खांबासारखं उभं राहणारं कुणी ठेवायचंच नाही.

यात सगळ्यांत तरबेज टिचकी. बोटांनी टिचकी मारल्यासारखा चेंडू काढून घ्यायची म्हणून ते नाव. टीमची कप्तान, शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी, आणि तोंडाची एकदम फटकळ. तिला क्रीडाशिक्षिका व्हायचं होतं. त्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवायचा तर एकदा तरी विद्यापीठाच्या टीममधून खेळलेलं असावं लागतं. तिचं शेवटचं वर्ष होतं. म्हणजे संधी एकच.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दर महिन्याच्या एक तारखेला झाडूसर सामानाच्या खोलीच्या चौकटीला प्रत्येक मुलीला उभं करून तिची उंची मोजत. अनवाणी. डोक्यावर माझ्या प्रयोगशाळेतला लाकडी ठोकळा सपाट ठेवून. कुणी टाच उचलली की टपली. "आपण किती आहोत हे आपल्याला बरोबर माहीत पाहिजे. मग किती पळायचं ते कळतं." स्पर्धेच्या फॉर्मवरही ते तीच उंची लिहीत. टिचकीची पाच फूट अडीच इंच. अर्धासुद्धा सोडत नसत.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात या बालवाडीने नदीपलीकडच्या कॉलेजला पाणी पाजलं. एक्कावन्न-सेहेचाळीस. टिचकीचे एकोणीस. माझ्या हाताने लिहिलेत मी. पदकं घ्यायला संचालक टेनिसच्या बुटांत धावत आले आणि फोटोत मधोमध उभे राहिले. झाडूसर त्या वेळी कोर्टावर सांडलेलं पाणी पुसत होते. मी त्यांना हाक मारली तर म्हणे, "ताई, कुणीतरी घसरेल."

त्यानंतर तीन आठवड्यांनी विद्यापीठाच्या टीमची निवड होती. आमच्या पाच जणी, झाडूसर आणि स्कोअर लिहायला मी. हॉलच्या दारातच फळ्यावर यादी लावलेली. खाली लाल शाईत, 'पाच फूट चार इंचांखालील खेळाडू छाननीत बाद.' आमची एक वाचली, बाकी चौघी बाद. टिचकीसुद्धा. अहो, खेळ बघितला नाही, चेंडू हातात दिला नाही, नुसता फॉर्म वाचून बाद! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यादीत आत गेलेल्यांपैकी निम्म्या मुली आमच्या ओळखीच्या. स्पर्धेत टिचकीला खेटून उभ्या राहिलेल्या. त्यातली एक तर तिच्याच खांद्याला खांदा लागेल एवढी, आणि फॉर्मवर पाच-चार. कारण सगळी कॉलेजं बुटांसकट मोजत होती, वर मनाचे इंच टाकत होती. जगात एकच शहाणा निघाला, तो आमचा.

टिचकी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. रडली नाही. "सर, तुम्ही माझे बूट काढायला लावलेत," म्हणाली. "सगळ्यांनी खोटं लिहिलंय. तुम्ही एकट्यानेच खरं लिहिलंत आणि बाहेर मी बसले."

झाडूसरांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. ते तडक निवड समितीच्या अध्यक्षांकडे गेले. मी आणि टिचकी मागोमाग. अध्यक्ष वाईट माणूस नव्हता, हेच तर वाईट. त्यांनी आमचा अंतिम सामना पाहिला होता. ते हळूच म्हणाले, "अहो, मुलगी चांगली आहे, मला माहितेय. हा घ्या कोरा फॉर्म. पाच-चार लिहा, मी आत घेतो. इथे कोण मोजत बसतंय?"

फॉर्म टेबलावर. पेन फॉर्मवर. मी म्हटलं, "लिहा." झाडूसर टिचकीकडे वळले.

"तू काय म्हणतेस?"

"लिहा, सर," ती म्हणाली. लगेच म्हणाली. मी तिला दोष देत नाही, आजही नाही.

त्यांनी पेन उचललं, टोपण लावलं आणि परत ठेवलं. मग खाली वाकून आपले बूट काढले, मोजे काढले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. म्हणाले, "ताई, मोजा. माझ्यापासून सुरू करा. मग सगळ्यांना मोजा. अनवाणी. जी पाच-चारच्या खाली भरेल ती बाद. माझी पोरगीही बाद."

"हे काय भलतंच? वेळ नाही," अध्यक्ष म्हणाले.

"बाद करायला वेळ होता," झाडूसर म्हणाले. एकोणीस वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. प्रत्येक कॉलेजचे प्रशिक्षक आपापल्या फायलीत डोकं खुपसून बसले.

मोजून घ्यायला पुढे कोण आलं असेल? नदीपलीकडच्या कॉलेजची सगळ्यांत उंच मुलगी, जिला टिचकीने अंतिम सामन्यात रडकुंडीला आणलं होतं. तिने मुकाट्याने बूट काढले. फॉर्मवर पाच-अकरा, भिंतीवर पाच-नऊ. "मला फरक पडत नाही," ती म्हणाली आणि आपल्याच मैत्रिणींकडे बघत उभी राहिली. मग एकेक बूट निघायला लागले. माझ्या पिशवीत प्रयोगशाळेची मोजपट्टी असतेच; मी वाचत गेले आणि मोठ्याने वाचत गेले. आत घेतलेल्यांपैकी नऊ जणी पाच-चारच्या खाली भरल्या. नऊ!

नऊ मुलींना आणि त्यांच्यामागच्या नऊ संचालकांना बाद करायची छाती कुणात होती? दहा मिनिटं समितीची कुजबुज चालली. मग अध्यक्ष उठून म्हणाले, की या वर्षी उंचीची अट शिथिल, खेळ बघून निवड होईल. दुपारभर खेळ झाला. संध्याकाळी यादी लागली त्यात बारावं नाव टिचकीचं. पुढे उंचीच्या रकान्यात पाच फूट अडीच इंच. तिने ते दोनदा वाचलं, झाडूसरांपाशी गेली आणि खाली बसून त्यांच्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला लागली, एवढी फटकळ मुलगी.

गोष्ट इथे संपली असती तर मी तुम्हाला सांगायला बसले नसते. आनंदाच्या गोष्टी मी लोकांना सांगत फिरत नाही.

पंधरा दिवसांत विद्यापीठाचं पत्र आलं, समितीचा अवमान झाल्याबद्दल. संचालकांनी झाडूसरांना बोलावून घेतलं आणि टीम काढून घेतली. "तुझं काम झाडायचं आहे, तू झाड." बस. नऊ खोट्या फॉर्मांवर सह्या करणाऱ्यांपैकी एकालाही पत्र गेलं नाही. एकालाही नाही! मी संचालकांच्या खोलीत जाऊन तोंडाला येईल ते बोलले, आणि मलाही समज मिळाली. झाडूसरांना मी म्हटलं, "तुम्ही लढत का नाही?" तर म्हणाले, "टिचकीचं नाव यादीत लागलं ना? मग झालं." मग झालं म्हणे! मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या हंगामातली पहिली मॅच आमच्याच कोर्टावर होती. टीमच्या बाकावर संचालक बसले होते, नवी कोरी शिट्टी गळ्यात घालून. पोरी खेळणार होत्या त्या झाडूसरांनी दोन-दोन वर्षं घासलेल्या, आणि ते स्वतः कोर्टाच्या टोकाला झाडू घेऊन उभे. स्कोअरशीटवर वरच प्रशिक्षकाच्या नावाची जागा असते. मी तिथे झाडूसरांचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ठसठशीत.

संचालक सही करायला आले आणि त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हे खोटं आहे. खोडा."

"नाही खोडत," मी म्हटलं. "नऊ खोट्या फॉर्मांवर नऊ संचालकांच्या सह्या चालल्या, माझं एवढं नाही चालत?"

पंच घड्याळ बघायला लागले. पोरी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी पेन मुठीत घट्ट धरून बसले होते. काय करतील? टेबलावरून उठवतील. उठवू देत!

तेवढ्यात झाडूसर टेबलापाशी आले. शीट आपल्याकडे वळवून वाचलं. आपल्याच नावावर त्यांचा डोळा जरा जास्त वेळ थांबला, ते मी पाहिलं. प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव स्कोअरशीटवर आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं; एरवी तिथे संचालकांचंच असायचं.

"ताई, पेन द्या," ते म्हणाले.

मला वाटलं, सही करतायत. मी दिलं. त्यांनी स्वतःच्या नावावर एक सरळ रेघ मारली, खाडाखोड केल्यावर करतात तशी बाजूला छोटी सही केली आणि खाली संचालकांचं नाव लिहिलं. "बाकावर ते आहेत," मला म्हणाले. "खरं तेच लिहा."

मग ते झाडू उचलून आपल्या टोकाला गेले. इतका राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता. शिट्टी वाजली, चेंडू उडाला, आणि आमच्या पोरींनी टाकलेला पहिला बास्केट लिहायचा माझ्याकडून राहून गेला. समोरचं काही दिसतच नव्हतं. कुणी टाकला ते मला शेजारच्या पंचाला विचारावं लागलं.