साखर सोडलेल्या माणसाचा साखरपुडा

माझ्या साखरपुड्यातली साखर मीच खाल्ली.

त्याचं असं झालं, दाजींची शुगर बॉर्डरलाइनवर आली आणि ताईनं कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या घरातून साखर हद्दपार केली. (आमच्या म्हणजे त्यांच्या. मी बेसमेंटमध्ये फुकट राहणारा भाऊ!) चहा बिनसाखरेचा, शिरा बंद, केचपसुद्धा बंद!

"यांनी एकट्यानंच का सोसायचं? निल्या, तूपण सोड!"

फुकट राहणाऱ्याला मत नसतं. सोडली.

साखर सुटली की माणूस तरंगायला लागतो. मीटिंग चालू असताना मला समोरच्या पांढऱ्या बोर्डवर बासुंदीची साय धरलेली दिसायची. बाहेर बर्फ भुरभुरला की वाटायचं, वर कुणीतरी अगदी निवांत पिठीसाखर चाळत बसलंय...

अशात तासाभरावरच्या मार्कहॅमच्या मृणालशी माझं जमलं. आधीची स्थळं 'मुलगा फार नकला करतो' म्हणून हुकलेली. ताईनं दमच भरला, "हे स्थळ गेलं ना, तर सरळ इस्लामपूरला परत!"

पुडा मुलाकडच्यांनी न्यायचा. ताईनं खास साखर आणली, चंदेरी कागदाचा हा एवढा उंच पुडा केला आणि गाडीत माझ्या मांडीवर ठेवला. "सांभाळ." बोक्याला दुधाची राखण!

हायवेवर बर्फ. गाड्या मुंगीच्या पावलानं. वायपरची अंगाई. पुड्याच्या टोकाशी कागद जरा उकलला होता. (म्हणजे मी उकलला.) एकच चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले... आणि मी थेट इस्लामपूरच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, हातात साखर-चपातीची गुंडाळी, अंगावर कोवळं ऊन! डोळे उघडले तर पुढच्या दोन सीटांच्या फटीतून एक तळवा आलेला. दाजींचा. मुकाट्यानं पसरलेला. मीही मुकाट्यानं वाढलं.

"काय कुडुमकुडुम वाजतंय?" गाडी चालवता चालवता ताईनं आरशातून पाहिलं.

"री-कॅल-क्यु-लेटिंग!" मी जीपीएसमधल्या बाईच्या आवाजात म्हणालो. ताई पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली.

मार्कहॅम आलं तेव्हा पुडा पार चेपलेला! ताई साडीचं ताट घेऊन पुढे गेली.

"दाजी, मेलो!"

"तू मेलास. मी पेशंट आहे."

ड्राइव्हवेच्या कडेला बर्फाचा ढीग होता. पांढरा, बारीक, रवाळ. मी ओंजळी भरभरून पुड्यात कोंबला.

"टिकेल का रे?"

"बाहेर एवढी थंडी आहे, न टिकायला काय झालं?" (इंजिनिअर आहे मी. आतल्या हीटिंगचं तेवढं राहून गेलं.)

ताईनं मृणालला कुंकू लावलं, साडी दिली, हातात पुडा ठेवला.

"ओ माय गॉड, सो कोल्ड!"

मग टप. मग टपटप. मग तिच्या अंगावरच्या रेशमी साडीवरून कार्पेटवर धार!

"अगंबाई, पुडा रडतोय!" मृणालची आत्या ओरडली. तिनंच कागद सोडला. आत गढूळ पाणी आणि बर्फ वितळावा म्हणून ड्राइव्हवेवर मारलेल्या मिठाचे खडे! साखरपुड्यात मीठ! मृणालचे बाबा ताडकन उठले. "हा काय प्रकार आहे?"

मला ताईचा चेहरा दिसेना. फक्त इस्लामपूरचं विमान दिसायला लागलं.

"साखर... मी खाल्ली."

"आणि मी," दाजी कोपऱ्यातून म्हणाले. ताईनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांची शुगर तिथेच नॉर्मल झाली असावी!

 आत्या मात्र पदर तोंडाला लावून हसून गदगदत होती. "दादा, अरे याला औक्षणापर्यंतसुद्धा खोटं टिकवता येत नाही! असला जावई शोधून मिळायचा नाही. काय गं मृणाल?"

"इट्स ओके, बाबा," मृणाल पदर पिळत म्हणाली. "ही इज काइंड ऑफ फनी."

आत्यानं स्वयंपाकघरातून साखर आणली आणि नवा पुडा बांधला. मला त्याच्या आसपासही फिरकू दिलं नाही.

लोकांना मुली मिळतात डिग्री बघून, घर बघून. मला मिळाली खोटेपणात नापास झालो म्हणून! आजही उशिरा घरी येऊन मी "ट्रॅफिक होता गं" म्हणालो, तर मृणाल माझ्या तोंडाकडे बघतच नाही. खाली कार्पेटकडे बघते, ओलं झालंय का!