लॉर्ड मंडळींच्या वत्सलामावशी

काकांचा फोन ऑफिसात आला. "अगं, वत्सला गेली... चहा टाकायला म्हणून उठली आणि तिथंच खाली बसली," एवढंच ते बोलू शकले. त्याला आता काही आठवडे होऊन गेले, पण मावशींचं असं मधेच उठून जाणं मला अजून पटलेलं नाही. खरं सांगायचं तर रागच आलाय.

नागपूरहून नोकरीसाठी अमेरिकेत ट्रॉयला आले, तेव्हा माझं इथं कुणी नव्हतं. काकांची, म्हणजे निवृत्त डॉक्टरांची ही बायको पहिल्याच हिवाळ्यात मला जेवायला घेऊन गेली आणि मी त्या घरची झाले. मावशींना एकच नाद होता. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातली राजघराणी आणि सरदारघराणी! लायब्ररीतून जाडजूड पुस्तकं आणायच्या आणि त्या लोकांबद्दल शेजारपाजारच्यांसारखं बोलायच्या. "या डचेसची नणंद महा खट गं! आणि हिच्या आईबापांनी बघितलं काय, तर नुसतं नाव. छप्पर गळतंय आणि गप्पा किल्ल्याच्या." अमेरिकेतल्या श्रीमंत मुली तेव्हा जहाजानं जाऊन लॉर्डांच्या घरी सुना होत. त्या सुनांचा मावशींना फार कळवळा. परमुलखात संसार मांडलेल्या बाईला तो असणारच.

मी मार्कशी लग्न ठरवलं आणि बाबांनी बोलणं टाकलं. अमेरिकन जावई, ना घराणं माहीत, ना नातीगोती! मावशींनी मात्र मार्कला पोटभर साबुदाण्याची खिचडी घालून पास केलं. "न सांगता डिशवॉशर लावतो गं. लॉर्डांना स्वतःचे बूटसुद्धा काढता येत नव्हते." मग परदेशी फोनचं कॉलिंग कार्ड खरवडून माझ्यासमोरच नागपूरला फोन लावला. "भाऊसाहेब, इंग्लंडचा राजा आणि रशियाचा झार सख्खे मावसभाऊ. जर्मनीचा कैसर राजाचा आतेभाऊ. सगळ्या सोयरिकी घराणं बघून केलेल्या. तरी महायुद्ध झालंच ना? आता एकदा नुसता मुलगा बघा की!" पलीकडून बाबा कडाडले, "इंग्रजांचं काय सांगता मला!" आणि फोन ठेवला. मी रडले. मावशींनी शांतपणे चहा गाळला. लग्न बाबांशिवायच झालं.

त्या गेल्यावर आठवड्यानं बाबांचा फोन आला. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचा आवाज ऐकत होते.

"मावशींचं कळलं. दर रविवारी फोन करायच्या मला."

मला याचा पत्ताच नव्हता!

"एका लॉर्डच्या अमेरिकन सुनेची गोष्ट सांगत होत्या. बाप रुसून लग्नाला गेलाच नाही. मग एकदाचा जहाजात बसला... आणि मावशी म्हणाल्या, बाकीचं पुढच्या रविवारी." मग बाबा हळूच म्हणाले, "तेवढं बघ ना तुझ्याकडे कुठं सापडतं का."

शनिवारी मी काकांकडे गेले. मावशींच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत बसून एकेक पुस्तक चाळलं. अंधार पडेपर्यंत शोधलं. रुसलेले बाप बरेच सापडले, पण जहाजात बसलेला एकही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला, ही गोष्ट कुठल्या पुस्तकातली नव्हतीच, आणि त्या गेल्यापासून पहिल्यांदाच मी मोकळेपणानं हसले. तिथूनच नागपूरला फोन लावला.

"बाबा, सापडलं. पोचला तो."

"पोचला?" पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "आणि जावई? कसा निघाला?"

"ते तुम्ही येऊन बघा."